हात खाली येईपर्यंत

"पण तो माणूस नक्की करतो काय?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. खराडीला ऑफिसात विचारतात, धायरीला सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात. कार्यक्रमाला येऊन, पुढच्या रांगेत पासावर बसून, मध्यंतरात वडा खाऊन झाला की हात पुसत पुसत विचारतात. व्हायोलिनवाली व्हायोलिन वाजवते, बासरीवाला बासरी वाजवतो, ते दिसतंय. पण मध्ये उभा राहून, लोकांकडे पाठ करून, काडी हलवणारा तो गृहस्थ? त्याच्या काडीतून तर काही आवाज येत नाही!

सगळ्यात स्पष्ट बोलल्या आमच्या सासूबाई. "अगं, घाम तुम्ही गाळायचा आणि वाकून नमस्कार त्याने करायचा. हे बरंय की!"

पहिल्या पहिल्यांदा मी समजावून सांगायची. लय सांभाळावी लागते, कोणी कधी सुरू करायचं ते दाखवावं लागतं, असं बरंच काही. समोरच्याचे डोळे दुसऱ्याच वाक्याला भिंतीवरच्या घड्याळाकडे जायचे. मग मी नाद सोडला. आता आमचे ते काडी हलवणारे साळवे सर आमच्यात नसतात, आणि आता कुठे मला ते नीट सांगता येईल असं वाटतंय. याला वैताग नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

हा आमचा वाद्यवृंद काढला लिमये काकांनी. काका निवृत्त दातांचे डॉक्टर. दवाखाना मुलीच्या ताब्यात दिला आणि उतारवयात चेलो शिकायला घेतला. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं ते भलंमोठं व्हायोलिन. मूळचा माणूस गाण्याच्या बैठकांमधला. पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसणार, समेवर मान टाकणार आणि मनापासून 'वा!' म्हणणार. त्यांची ती 'वा' गाणाऱ्यालासुद्धा हवीशी वाटायची, असं जुने लोक सांगतात. लहानपणी व्हायोलिन शिकून पुढे नोकरी-संसारात पेटी माळ्यावर टाकलेली माणसं पुण्यात पुष्कळ. मी त्यातलीच. काकांनी अशी माणसं हुडकून काढली आणि दर रविवारी सकाळी हडपसरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम सुरू केली. पहिल्या तालमीत जो कल्लोळ झाला तो ऐकून शाळेच्या वॉचमनने आपल्या केबिनचं दार लावून घेतलं.

त्याच सुमारास काकांनी कुठल्याशा मैदानावर सैन्याचा बँड ऐकला. कार्यक्रम संपल्यावर सरळ बँडमास्तरांना गाठलं आणि विचारलं, "अहो, रिटायर कधी होताय?"

ते बँडमास्तर म्हणजे सुभेदार साळवे. कोवळ्या वयात क्लॅरिनेट घेऊन सैन्यात भरती झालेला आणि रिटायर होताच आमच्याकडे आलेला माणूस. बुटका, सडसडीत, मे महिन्यातसुद्धा पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. बुटांना असं पॉलिश की आमच्या चपला आपोआप खुर्चीखाली जायच्या. हातात नेहमी घडीच्या छत्रीचं काळं कव्हर. आम्हाला वाटायचं, काय हा जपून वागणारा माणूस, उन्हाळ्यात छत्री घेऊन फिरतो! त्या कव्हरात छत्री कधीच नव्हती. त्यात त्यांची काडी असायची.

सर तालमीला सगळ्यांच्या आधी येत आणि खुर्च्या स्वतः लावत. नुसत्या लावत नसत, प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघत. बसायचं, समोर बघायचं, उठायचं, खुर्ची बोटभर सरकवायची, परत बसायचं. मी एकदा चुकून लवकर पोचले तेव्हा हा प्रकार पाहिला आणि मला हसू आवरेना.

"सर, हे काय चाललंय?"

"तुमच्या खुर्चीतून मी दिसतो का बघतोय, ताई."

"अहो, मग मी बसून सांगते की!"

"तुम्ही बसल्यावर कुठं बघता?" म्हणाले, आणि पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले.

हा टोमणा मला होता तसा सगळ्यांनाच होता. आम्ही हौशी मंडळी. समोरच्या कागदावरून एक क्षण नजर उचलली तर आपली ओळ हरवेल अशी भीती. त्यामुळे तीस माणसं तीस कागदांत डोकी खुपसून बसायची आणि सर मध्ये हात हलवत एकटे. दर रविवारी त्यांचं एकच वाक्य, "वर बघा! खाली काय हाय?" एरवी सर तसं शुद्ध बोलायचे, सैन्यातलं हिंदी मध्येमध्ये यायचं, पण चिडले की थेट गावाकडचं बोलणं. "खाली काय हाय? कागद हाय. कागद वाजतो का?"

आम्ही वर बघायचो. दोन ओळी बघायचो. परत खाली.

या बाबतीत सगळ्यात बेरकी लिमये काका. ते कधीच वर बघायचे नाहीत. वर तोंड करून सांगायचे, "साळवे, मी डोळ्यांनी नाही, कानांनी वाजवतो."

"कान उशिरा पोचतात, डॉक्टर."

"चाळीस वर्षं गाणं ऐकतोय मी!"

"तेच सांगतोय. ऐकताय."

असे हे दोघं. तालमीनंतर एकाच टपरीवर चहा प्यायचे आणि तिथेही भांडायचे. मला दोघांचाही राग यायचा, कारण मला खराडीच्या ऑफिसातून कुठल्याही रविवारी फोन येण्याची शक्यता असायची आणि यांचा वाद काही संपत नसे.

आता ते 'नक्की करतो काय' याचं सांगते. कौस्तुभ नावाचा आमच्यात एकजण आहे. पस्तिशीचा, तडफदार, ड्रम वाजवतो आणि कार्यक्रमांची सगळी व्यवस्था तोच बघतो. त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही हे खरं, आणि ते त्यालाही माहीत आहे हे जास्त खरं. एका रविवारी सरांनी एकच सुरुवात पुनःपुन्हा करायला लावली. पहिला सूर नीट येईना. सर म्हणायचे, "हात खाली आला की वाजवायचं नाही. हात वर जातो तेव्हा माझ्याबरोबर श्वास घ्यायचा. खाली आला तेव्हा सूर आलेला असला पाहिजे. हात बघून वाजवाल तर उशीर झालाच." परत हात वर, परत आम्ही उशिरा. कौस्तुभ वैतागला.

"सर, नो ऑफेन्स हं, पण आता आम्हाला पीस पाठ झालाय. तुम्ही नसलात तरी आम्ही मॅनेज करू."

लिमये काकांनी डोळे मिटले, बाकी सगळे कागदात बघायला लागले. सर म्हणाले, "बरं." काडी छत्रीच्या कव्हरात घातली, मागे गेले आणि वॉचमनच्या शेजारी स्टुलावर बसले. "वाजवा."

जी रचना चालली होती तिला आम्ही नुसतं 'संथ' म्हणायचो. परदेशातली जुनी, फार हळू जाणारी, तारांच्या वाद्यांचीच जास्त. सुरुवात झकास झाली. कौस्तुभने माझ्याकडे बघून भुवयासुद्धा उडवल्या. मग हळूहळू काय व्हायला लागलं ते आधी कळलंच नाही. व्हायोलिनवाले चेलोकडे कान लावून थांबले, चेलोवाले बासरीसाठी थांबले, बासरीवाला बिचारा आमच्यासाठी थांबला. पुण्यात एका चौकात कोणी कोणासाठी थांबत नाही, लाल दिवा असला तरी थांबत नाही, आणि इथे सगळे एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बसले! रचना आणखी संथ झाली, आणखी संथ झाली, आणि मधल्या एका सुरावर चक्क बंद पडली. कोणीही चुकलं नव्हतं. तरी बंद पडली.

मागे वॉचमन पहिल्यांदाच हसला. सर उठून पुढे आले. आता काहीतरी झणझणीत ऐकायला मिळणार म्हणून मी मान आत घेतली. पण ते एवढंच म्हणाले, "प्रत्येकजण शेजाऱ्याला धरून चालला होता. चांगली गोष्ट हाय. पण कुठं चाललोय ते कोणालातरी ठाऊक पाहिजे ना?" आणि हात वर केला.

त्या दिवशी पहिला सूर वेळेवर आला. मी वर बघत होते, म्हणून मला माहीत आहे.

त्यांचं दुसरं एक आवडतं वाक्य होतं, "उजव्या हाताने कवायत, डाव्या हाताने संसार." उजव्या हातात काडी, तो लय धरणार. डावा हात वेगळाच. एखाद्याला जरा दम धर म्हणणार, एखाद्याला उठून ये म्हणणार, बासरीवाला घाबरला की नुसता तळवा उघडा करून दाखवणार, की बाबा, आहे मी. माझ्या मागच्या खुर्चीवरची एक मुलगी घरी काहीतरी बिनसलेलं असताना महिनाभर रडवेली होऊन यायची. सरांनी तिला एका शब्दाने विचारलं नाही. पण तिची ओळ आली की डावा हात तिच्या दिशेने जायचा आणि ओळ संपेपर्यंत तिथेच राहायचा. आता हे कुठे सांगू मी लिफ्टमध्ये? तिसरा मजला येईपर्यंत?

आणि हाच माणूस दुसऱ्या क्षणी असा काही हट्टीपणा करायचा की वाटायचं, पेटी उचलावी आणि घरी जावं. सगळ्यात मोठा हट्ट त्या 'संथ'च्या शेवटाचा. शेवटी एकच सूर, बारीक होत होत विझत जाणारा. सूर संपला तरी सरांचा हात वरच. आम्ही गज तारेवरून उचलून हवेत धरायचे. हलायचं नाही, पान उलटायचं नाही, खोकायचं नाही. सर हात खाली घेतील तेव्हा रचना संपली. तोपर्यंत नाही.

"सर, पण सूर तर संपला ना!" मी एकदा म्हणाले. माझा खांदा भरून आला होता.

"तुमचा संपला. ऐकणाऱ्याचा नाही संपला."

तालीम संपल्यावर मी त्यांना गाडीतळाच्या बसथांब्यापर्यंत सोडायला निघाले होते. गाडीत बसून ते एकदम बोलायला लागले, तसे ते कधी बोलायचे नाहीत. "परेडला काय होतं, ताई, शेवटचा सूर संपतो न संपतो तोच हुकूम येतो. बूट वाजतात. लग्नात वाजवा, फटाके. मैदानात वाजवा, टाळ्या. उभ्या नोकरीत सूर विझलेला ऐकला नाही मी. एकदा ऐकायचाय. लोक समोर बसलेत, सूर गेला, आणि कोणालाच काही करावंसं वाटत नाही. माझा हात खाली येईपर्यंत. एकदाच." मग म्हणाले, "हितं सोडा, सिग्नलला वळू नका, उगाच अडकाल."

झालं. तेव्हापासून तो विझता सूर माझ्याही डोक्यात बसला. दरवर्षी आमचा एक मोठा कार्यक्रम व्हायचा, आणि दरवर्षी शेवटी 'संथ'.

पहिल्या वर्षी काय झालं? सूर विझत आला, सरांचा हात वर, आम्ही गज हवेत धरलेले, आणि तिसऱ्या रांगेतून टाळ्या. एकटीच्या. जोरजोरात. मी न बघताच ओळखलं, त्या बांगड्यांचा आवाज माझ्या घरातला होता. मग काय, सगळं सभागृहच सुरू झालं. घरी आल्यावर मी काही बोलायच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "सगळे दगडासारखे बसले होते गं! म्हटलं, कोणीतरी सुरुवात करायला हवी. तुम्हाला वाईट वाटलं असतं." आता या बाईशी भांडायचं तरी कसं, सांगा!

सरांनी पुढच्या रविवारी खुर्च्या लावल्या आणि शेवटाची तालीम घेतली.

दुसऱ्या वर्षी सरांनी निवेदकाकडून आधीच सांगून घेतलं, की रसिकहो, हात खाली येईपर्यंत टाळ्या नकोत. मी सासूबाईंच्या मांडीवर पर्स ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून बसा म्हणून सांगितलं. मोबाईल बंद करवले. आणि त्या संध्याकाळी 'संथ' कधी नव्हे अशी वाजली. काय झालं होतं कोण जाणे, आम्ही सगळे वर बघत होतो. म्हणजे काका सोडून सगळे. शेवटचा सूर चेलोचा. काकांनी तो असा काही सोडला की कधी संपला ते मलाही कळलं नाही. सरांचा हात वर. सभागृह गप्प. कोणी खोकत नाही. माझ्या मनात आलं, मिळालं, सरांना मिळालं.

आणि तेवढ्यात अगदी समोरून, रंगमंचावरूनच, पोटातून आलेला आवाज.

"वा!"

लिमये काका! डोळे मिटलेले, मान एका बाजूला टाकलेली, गज अजून हातात. बैठकीत बसल्यासारखे. स्वतःच वाजवलेल्या रचनेला स्वतःच दाद! लोक खळाळून हसले, टाळ्या वाजल्या, काही उभे राहिले. कार्यक्रम फार रंगला असंच सगळ्यांचं मत झालं. सरांनी हात खाली घेतला, लोकांकडे वळले, वाकले आणि आत निघून गेले.

त्यानंतर चहाच्या टपरीवर ते दोघं एकत्र दिसले नाहीत. तालमीत सर काकांशी बोलायचे, पण फक्त काडीने. काका तेवढ्यावरून दुखावले. "मी काय शिवी दिली का? वा म्हटलं! मनापासून आलेली वा दाबून धरायची म्हणजे शिंक दाबण्यासारखं आहे, नाकातून रक्त यायचं." मी मध्ये पडून बघितलं. दोघंही म्हाताऱ्या मांजरांसारखे, आपापल्या कोपऱ्यातून हलायला तयार नाहीत. माझा अक्षरशः संताप झाला दोघांवर.

तिसऱ्या वर्षी कौस्तुभने मोठी उडी घेतली. एका बिल्डरने कार्यक्रमाचा खर्च उचलला होता. मागे भलामोठा पडदा, त्यावर डोंगर-नद्यांची चित्रफीत, संगीताच्या बरोबर पळणारी. आता चित्रफीत काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून प्रत्येकाच्या कानात एक लहानसं यंत्र, त्यात टकटक वाजत राहणार. त्या टकटकीवर वाजवायचं. काही रचनांना ड्रम-गिटारही मशीनमधूनच येणार होते. कौस्तुभने हे सगळं तालमीत समजावलं आणि शेवटी सरांकडे वळला.

"सर, तुम्हाला आता टेन्शनच नाही. तुम्ही फक्त मध्ये उभे राहा. हात हलवा. व्हिज्युअल फार भारी दिसतं."

मला वाटलं जमीन फाटावी. सगळं पुणे ज्या माणसाबद्दल म्हणतं की हा नुसता हात हलवतो, त्याला आता खरोखरच नुसते हात हलवायला सांगितलं होतं. आणि कौस्तुभच्या चेहऱ्यावर काही वाईट भाव नव्हता, उलट सरांची सोय केल्याचा आनंद होता. तेच जास्त चीड आणणारं.

सरांनी विचारलं, "ती टकटक मला ऐकू येणार?"

"नाही सर. तुम्हाला कशाला?"

"आणि शेवटी? सूर संपल्यावर किती थांबायचं?"

"थांबायचं नाही सर, लगेच पुढचा ट्रॅक आहे. जोशवाला."

सर "बरं" म्हणाले. तोच 'बरं', स्टुलावर बसायला जातानाचा. मला वेडी आशा वाटली. पण या वेळी ते स्टुलावर बसले नाहीत. काडी कव्हरात घातली, एक खुर्ची जरा वाकडी झाली होती ती सरळ केली आणि हॉलच्या बाहेर पडले. कोणीतरी उठून थांबवायला हवं होतं. सगळ्यांना वाटलं दुसरा कोणीतरी उठेल. शेजाऱ्याला धरून चालणारी माणसं आम्ही.

कार्यक्रम बिनचूक झाला. टकटक, टकटक, सगळे वेळेवर. 'संथ' वाजवताना पडद्यावर धबधबा होता, आणि शेवटचा सूर अजून हवेत होता तोवरच स्पीकरमधून पुढचे ढोल धडधडायला लागले. प्रचंड टाळ्या. माझ्या शेजारच्या रांगेत लिमये काकांनी कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकलेलं मला दिसलं. आणि जन्मात कधी वर न बघणारा तो माणूस मधल्या रिकाम्या जागेकडे टक लावून बघत होता.

घरी जाताना गाडीत सासूबाई खूश. "यंदा छान झालं हं! तो मध्ये उभा राहणारा नव्हता, त्यामुळे सगळे नीट दिसत होते."

मी कात्रजच्या बाजूला वळायचं सोडून सरळ पुढे गेले आणि लांबचा वळसा पडला.

पुढच्याच आठवड्यात काकांचा फोन. "मला साळव्यांकडे घेऊन चल. रिक्षावाले मला बघून पळतात." गेलो आम्ही हडपसरला. दोन खोल्यांचं टापटीप घर, टीव्हीच्या कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती, खिडकीत क्लॅरिनेटची पेटी. सरांच्या बायकोने चहा आणला. दोघं म्हातारे समोरासमोर बसले, आणि बराच वेळ दोघांनीही कपातच बघितलं.

"परत या," काका म्हणाले.

"तुमची टकटक हाय ना."

"अहो, ती वा म्हटली मी, ती तुम्हालाच म्हटली होती. स्वतःला नाही. एवढं कळत नाही तुम्हाला?"

"कळतं. म्हणून तर जास्त राग आला. हात खाली आल्यावर म्हणायचं होतं."

"दाद म्हणजे काय पगार आहे का, महिना संपल्यावर द्यायला? तोवर कुठली राहते ती!"

"मला ती शांतता पाहिजे होती, डॉक्टर. तुम्ही असताना पाहिजे होती."

"आणि मला राहवलं नाही, त्याला मी काय करू?"

दोघांचंही खरं होतं, हाच तर सगळा ताप होता. मी मध्ये काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "सर, एक 'वा' तर आहे, सोडून द्या ना." तर दोघांनी मिळून माझ्याकडे असं बघितलं की मी बिस्किटाची बशी उचलून आत नेऊन ठेवली. निघताना काका दारात थांबले आणि म्हणाले, "तुमची ती एक शांतता मी देणं लागतो, साळवे. बघू." जिने उतरताना त्यांना दम लागत होता. मी हात पुढे केला तर झिडकारून टाकला.

ती शेवटची भेट दोघांची. काका पावसाळ्याच्या शेवटी गेले. झोपेतच गेले.

शोकसभा शाळेच्या त्याच हॉलमध्ये, कौस्तुभनेच ठेवली. सरांना मी निरोप पाठवला होता, उत्तर आलं नाही. सासूबाईंना घेऊन मी पोचले आणि दारातच थबकले. खुर्च्या सभेसारख्या रांगेत नव्हत्या. गोलाकार होत्या, आमच्या तालमीसारख्या. ज्या जागी काका बसायचे तिथल्या खुर्चीवर हार घातलेला फोटो, शेजारी टेकवलेला चेलो. "अरे, हे कोणी असं करून ठेवलं?" कौस्तुभ वॉचमनवर चिडत होता. मला विचारायची गरजच नव्हती. सर एका कडेला खांबापाशी उभे होते, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, हात मागे. मी माझ्या खुर्चीत बसले. तिथून ते दिसत होते.

भाषणं झाली. काकांबद्दल सगळे चांगलं बोलले, लांब बोलले. मग कौस्तुभने दोन मिनिटं मौन पाळण्याची विनंती केली आणि आम्ही उभे राहिलो.

आपल्याकडचं दोन मिनिटांचं मौन म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पाय अवघडायच्या आत संपतं. कोणीतरी खाकरतो, खुर्ची सरकते, बोलणारा घड्याळ बघतो. तसंच झालं. लोकांनी माना जेमतेम खाली घातल्या आणि माईकवर कौस्तुभ म्हणालाही, "धन्य..."

तिथेच थांबला.

खांबापाशी सरांचा उजवा हात वर गेला होता. काडी नव्हती. नुसता हात, 'संथ'च्या शेवटी असायचा तसा. मौनात मान खाली घालायची असते, पण आमच्यातल्या एकाचीही मान खाली नव्हती. व्हायोलिनवाले, बासरीवाला, ती मागची मुलगी, सगळे वर बघत होतो. बाकीच्या लोकांनी आमच्याकडे बघितलं, मग सरांकडे. सासूबाई बसायला म्हणून वाकल्या होत्या, त्या तशाच परत सरळ झाल्या आणि बांगड्या हाताने दाबून धरल्या. कौस्तुभने माईक छातीशी धरला. खोकणारे थांबले. बाहेर रस्त्यावर गाड्या होत्या, पण हॉलमध्ये कोणालाच काही करावंसं वाटत नव्हतं.

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. इतकी वर्षं या माणसाने ज्याच्यासाठी आमचे खांदे मोडले, ते त्याला मिळालं ते इथे! एकही सूर न वाजता! आणि ज्याच्यासमोर पाहिजे होतं तो फोटोत!

सर कोणाकडेच बघत नव्हते. ते चेलोकडे बघत होते. हात वर, जरासुद्धा हलत नव्हता. आता ते हवा तेवढा वेळ थांबू शकले असते, कोणी त्यांना अडवणार नव्हतं. आणि हात अजून वर असतानाच, त्या एवढ्या शांततेत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ते पोटातून म्हणाले,

"वा!"

मग हात खाली आला.